काढा नावाचं बटण

आमच्या वाचनालयातल्या एका बाईने दोन महिने खपून लिहिलेली त्रेचाळीस पानं माझ्यामुळे गेली. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी कितीही शहाणपणाच्या गोष्टी केल्या, तरी वाचणाऱ्याचा माझ्याबद्दल गैरसमज व्हायला नको.

माझं शिक्षण चौथी. चौथीचा निकाल लागला त्याच दिवशी वडिलांनी माझी पाटी धाकट्या भावाला दिली आणि माझ्या हातात कोयती दिली. लग्न होऊन भांडुपला आले तेव्हा नवरा गिरणीत होता. पुढे गिरणी गेली, नवरा गेला, चाळ पाडून तिथे सात मजली इमारत आली. मी राहिले. आपल्याला सगळं कळतं ही माझी समजूतही राहिली.

इमारतीच्या तळमजल्यावर सोसायटीने एक खोली वाचनालयाला दिली आहे. वर्तमानपत्रं, दिवाळी अंक आणि दुपारी निवांत बसायला येणाऱ्या आम्ही बायका. माझी सून अंधेरीला एका ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम करते. त्या ऑफिसाने मोडीत काढलेले पाच कॉम्प्युटर तिने वाचनालयासाठी मागून आणले. ते इतके जुने होते की आजकालचं काही त्यांच्यावर चालेना. तेव्हा तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी, एक चारकोपची आणि एक पार्ल्याची, मिळून त्यांच्यावर लिनक्स घातलं.

लिनक्स म्हणजे काय, असं मी सुनेला विचारलं.

"आई, कॉम्प्युटर चालायला आत जी सगळी व्यवस्था लागते ना, ती. ही फुकट मिळते. कोणीही घ्यावी, हवी तशी बदलावी, पुढे दुसऱ्याला द्यावी. असा एकेक तयार संच असतो, त्याला वितरण म्हणतात."

"वितरण म्हटलं की मला रेशनची रांग आठवते."

"तसंच समजा. एक मोठं वितरण आहे, जगभरचे लोक त्याच्यावर काम करतात. ते आम्ही घेतलं. जड होतं ते कमी केलं, अक्षरं मोठी केली, मराठी पुढे आणली. मोठं ते मूळ. आमचं त्यातून निघालेलं, छोटं."

तेव्हापासून मी त्या मोठ्यांना मूळवाले म्हणू लागले आणि आम्हाला आम्ही. 'आम्ही' म्हणताना माझी मान जरा ताठ व्हायची. मला तेव्हा कॉम्प्युटर फक्त चालू करता येत होता. बंद करायला पुढे दोन दिवस लागले.

सुनेने मला काम दिलं. पडद्यावरची मराठी वाचायची आणि अडेल तिथे सांगायचं. ती म्हणाली, "आई, तुम्हाला कळलं की कोणालाही कळेल." हे मी कौतुक समजले आणि अख्ख्या इमारतीत सांगत फिरले. चौथ्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीने मला जिन्यात थांबवून त्याचा खरा अर्थ सांगितला.

ही मैत्रीण म्हणजेच ती त्रेचाळीस पानंवाली. मूळची परभणीकडची. पालिकेच्या एका इस्पितळात बाळंतपणाच्या वॉर्डात तीस वर्षं आया होती, म्हणून मी तिला वॉर्डवाली म्हणते. ती मला कोकणीण म्हणते. ती सातवी पास आहे आणि ही गोष्ट ती मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवते. सकाळची वंदना आणि स्वयंपाक आटोपून ती वाचनालयात यायची, कोपऱ्यातला कॉम्प्युटर धरायची आणि एका बोटाने टाइप करत बसायची. वॉर्डातल्या तीस वर्षांचं लिहीत होती. कळा देताना कोणती बाई नवऱ्याला काय काय बोलली, डॉक्टर यायच्या आत मूल कसं हातात आलं, पाचवी मुलगी झाल्यावर कोणती सासू बाळ न बघता निघून गेली. नाव कोणाचं लिहिलं नव्हतं, बाकी काही सोडलं नव्हतं.

"कशाला एवढं?" मी एकदा विचारलं.

"पोरींसाठी," ती म्हणाली. "लग्नाच्या बोलण्यात दोघींनी सांगितलं, आई हॉस्पिटलात आहे. काय आहे ते सांगितलं नाही. गिळून टाकलं. ते आता मी छापून देणार हातात."

मी उठून पंखा वाढवला.

आता बटणाचं. कॉम्प्युटरमध्ये एखाद्या लिखाणावर टिचकी मारली की छोटी यादी उघडते. उघडा, नाव बदला, नक्कल करा, आणि शेवटी काढा. पहिल्याच आठवड्यात एका बाईने विचारलं, "काढा? कसला, आल्याचा?" सगळ्या हसल्या. मी मात्र कामावर होते. मी सुनेला म्हटलं, हा शब्द चुकीचा आहे. कपाटातली साडी काढा म्हटलं की साडी हातात येते. दूध काढा, फोटो काढा, चित्र काढा, सगळीकडे काहीतरी मिळतं. इथे काढा दाबलं की असलेलं जातं. इथे 'टाका' लिही. नको ते टाकायचं.

सुनेने पाच मिनिटांत बदललं. मग म्हणाली, "हे खरं तर मूळवाल्यांना कळवायला हवं. शब्द त्यांच्याकडून येतो."

"त्यांना कशाला? आपल्याला कळलं, आपण केलं. त्यांना गरज असेल तर येतील विचारायला."

तिला ऑफिसची घाई होती. विषय तिथेच राहिला.

दुसरा बदलही माझाच. पडद्याच्या कोपऱ्यात कचऱ्याची बादली असते. टाकलेलं सगळं त्या बादलीत जाऊन पडतं आणि आपण रिकामी करेपर्यंत पडूनच राहतं. एक दिवस मी उघडून बघितली तर महिन्याभराची घाण. माझ्या घरात कचरा साठलेला मला खपत नाही. मी सुनेला सांगितलं, रोज बंद करताना ही आपोआप रिकामी व्हायला हवी.

"मूळवाल्यांनी ती मुद्दाम तशी ठेवली असेल, आई."

"मूळवाल्यांच्या घरी कोणाला केर भरायची सवय नसेल."

या जुन्या कॉम्प्युटरांत जागा कमी होतीच, त्यामुळे तिलाही पटलं. तिने तसं करून दिलं. वितरणात माझे दोन बदल झाले. जगभरचे लोक चुकत होते आणि भांडुपच्या चौथी पास बाईने त्यांना दोनदा सुधारलं होतं. हे मी बोलून दाखवलं नाही असं नाही.

काही महिन्यांनी मूळवाल्यांची नवी आवृत्ती आली. सून आणि तिच्या मैत्रिणींनी एका रविवारी ती आमच्या पाच डब्यांत उतरवली. आता इथे काय झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. पडद्यावरचे शब्द मूळवाल्यांकडून एकगठ्ठा येतात. नवा गठ्ठा आला आणि आमच्या जुन्या गठ्ठ्यावर बसला. आमचं 'टाका' त्याखाली गेलं आणि 'काढा' परत आलं. बादली रिकामी करण्याचा नियम मात्र आमच्या स्वतःच्या वेगळ्या कागदावर लिहिलेला होता, तो जसाच्या तसा राहिला. सुधारलेलं गेलं, बिघडवलेलं टिकलं.

नवी आवृत्ती तपासायचं काम माझ्याकडे होतं. मी तपासलं. पडद्यावरचं चित्र बदलून निळं फूल आलं होतं. ते फार छान दिसतंय असं मी सुनेला कळवलं.

मंगळवारी संध्याकाळी वॉर्डवालीची त्रेचाळीस पानं झाली. थोरली मुलगी बुधवारी येणार होती. तिला वाचायला द्यायची म्हणून कागदावर हवी होती. वॉर्डवालीने यादी उघडली आणि मला हाक मारली.

"कोकणीण, प्रिंट काढायचीय. इथे 'काढा' म्हणून आहे, तेच ना?"

मी वर्तमानपत्रात होते. मान वर केली नाही. "मग काढ की. मी बघितलंय सगळं. बिनधास्त दाब."

तिने दाबलं आणि आम्ही दोघी जाऊन प्रिंटरपाशी उभ्या राहिलो.

प्रिंटरही दान मिळालेला, त्यामुळे तो वेळ घेतो हे आम्हाला माहीत होतं. आम्ही वाट बघितली. वॉर्डवालीने कागद सारखे करून दिले. मी प्रिंटरला दोन थापा मारल्या. तिने पडद्याकडे बघितलं तर लिखाण यादीतून नाहीसं झालं होतं. ती म्हणाली, "तिथून निघालंय. येतंय वाटतं." पाव तास आम्ही दोन शहाण्या बायका एका मुक्या डब्यासमोर हात जोडून उभ्या होतो. मग सात वाजले. मी म्हटलं, "अडकलंय. बंद करू. उद्या चालू केलं की येईल." आणि मी माझ्या हाताने कॉम्प्युटर बंद केला.

बंद करताना बादली रिकामी होते. माझा नियम.

बुधवारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी सुनेने तासभर खटपट केली. काही उरलं नव्हतं. दुसरीकडे नक्कल ठेवलेली नव्हती, कारण नक्कल कुठे ठेवू असं वॉर्डवालीने विचारलं तेव्हा आपल्या वितरणात काही जात नाही, असं मीच तिला सांगितलं होतं.

वॉर्डवाली रडली नाही. तिने विचारलं, "चूक कोणाची?"

"आमची," सून म्हणाली.

"मूळवाल्यांची," मी म्हटलं. "ते 'काढा' त्यांचं आहे. मी बदललेलं त्यांनी पुसलं."

"तू गप गं," वॉर्डवाली मला म्हणाली आणि सुनेकडे वळली. "हे नवीन येतंय ते परत येणार का?"

"दर काही महिन्यांनी येणार, मावशी."

"म्हणजे ही इथे बदलणार, ते परत येणार, ही परत बदलणार, आणि एक दिवस ही पेपर वाचत बसणार." ती उठली. "जिथून ते येतं तिथे बदला. ते झालं की सांगा, मग मी बसेन लिहायला. तोवर नाही. पुन्हा लिहून पुन्हा घालवायला मला वयही नाही आणि बोटही एकच आहे."

ती वर गेली. मुलगी आली आणि संध्याकाळी गेलीही. तिला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

सातवीत तीन इयत्ता जास्त शिकवतात, त्यात हे असावं. मला जी गोष्ट वर्षभर कळली नाही ती तिला एका सकाळी कळली. खरं तर मला ती पन्नास वर्षांपूर्वीच कळायला हवी होती. माझी सासू गावाला राहायची आणि दर मे महिन्यात भांडुपला यायची. आली की पहिल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरातले डबे परत तिच्यासारखे लावायची. मीठ वरच्या फळीवर, तिखट त्याच्या बाजूला. ती गेली की मी मीठ खाली आणायचे. पुढच्या मे महिन्यात परत वर. अशी बावीस वर्षं आम्ही मीठ वरखाली केलं आणि एकमेकींना नावं ठेवली. सासू उंच होती, माझा हात वरच्या फळीला पोचत नव्हता. एवढं एक वाक्य मी तिला सांगितलं नाही. ती गेल्यावर मीठ खाली राहिलं, पण त्याला जिंकणं म्हणत नाहीत.

तर मूळवाल्यांना लिहायचं ठरलं. सून म्हणाली, तक्रार लिहायला एक जागा असते, तिथे लिहिलेलं जगात कोणीही वाचू शकतं. मी सांगितलं, तिने लिहिलं. सुरुवात अशी होती, 'तुम्हाला मराठी कोणी शिकवली?' त्यानंतर काढा, मग माझं टाका पुसल्याबद्दल, मग अक्षरांचा रंग, मग प्रिंटर, मग जे जे आठवलं ते.

"आई, असंच पाठवू?"

"असंच पाठव."

सून माझ्याशी वाद घालत नाही. ती मला माझ्या मनासारखं करू देते, ही तिची शिक्षा आहे.

तीन दिवसांनी उत्तर आलं. स्वच्छ मराठीत, तीन ओळींचं. 'एका तक्रारीत एकच गोष्ट लिहावी. आपण सात लिहिल्या आहेत, त्यातल्या दोन पंख्याच्या आवाजाबद्दल आहेत. आणि आपण आमच्यातून निघालेलं वितरण वापरता असं दिसतं, तेव्हा ही अडचण आमच्याकडची आहे की आपल्याकडची, हे आधी तपासून सांगावं.'

मूळ वितरणात मराठी शब्दांचं काम तीन-चार जण हौसेने करतात, त्यांतल्या एकाचं हे उत्तर होतं. मी त्याला मनात गुरुजी असं नाव दिलं, कारण अशा आवाजात मला शेवटचं चौथीत कोणीतरी बोललं होतं.

"तपासायचं म्हणजे काय करायचं?" मी सुनेला विचारलं.

"एका कॉम्प्युटरवर त्यांचं मूळ, आपला हात न लागलेलं, घालायचं आणि तेच करून बघायचं."

शनिवारी तिने ते घातलं. मी वॉर्डवालीला बोलावलं. म्हटलं, ये, मूळवाल्यांची चूक तुझ्यासमोर पकडते. ती आली आणि हाताची घडी घालून मागे उभी राहिली. मी एक ओळ लिहिली, साठवली, यादी उघडली. 'काढा' होतं. मी विजयाने मागे वळून बघितलं आणि दाबलं. ओळ गेली. मग सुनेने कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला आणि कोपऱ्यातली बादली उघडली.

माझी ओळ बादलीत होती. धडधाकट.

वॉर्डवाली म्हणाली, "म्हणजे त्यांच्या घरात माझी पानं केरात सापडली असती."

"हो, मावशी," सून म्हणाली.

"आणि तुमच्या घरात?"

मला माझी आई आठवली, आणि बरं वाटावं म्हणून आठवली नाही. आई दिवेलागणीनंतर केर घराबाहेर टाकू द्यायची नाही. कोपऱ्यात गोळा करून ठेवायचा आणि सकाळी उजेडात बघून टाकायचा. लक्ष्मी जाते म्हणायची. लक्ष्मी कसली, कंदिलाच्या उजेडात नथीतला मोती केरात गेला तर दिसत नाही, म्हणून तो नियम. घरी हा नियम मी आजही पाळते. आणि पाच कॉम्प्युटरांचा केर मी रोज संध्याकाळी सात वाजता न बघता फेकायला लावला होता. मूळवाल्यांनी बादली तशी का ठेवली आहे, हे त्यांना एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं. माझ्या आईने सांगितलं असतं तेच त्यांनी सांगितलं असतं.

"चूक माझी," मी म्हटलं. "बादली मी रिकामी करायला लावली."

"अर्धी," वॉर्डवाली म्हणाली. "अर्धी त्या शब्दाची. आता तो बदल. तुझी अर्धी मी बघते."

बादलीचा नियम सुनेने त्याच दिवशी रद्द केला. मूळवाल्यांसारखंच ठेवलं. शब्दासाठी मी नवी तक्रार लिहिली, एकच गोष्ट. काय करायचं होतं, काय दाबलं, काय झालं. प्रिंट काढायची होती, काढा दाबलं, एका बाईचं सगळं लिखाण गेलं. बादली आम्हीच रिकामी करत होतो, तेही लिहिलं. ते लिहायला मला बाकीच्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी सुचवलं, 'काढा' ऐवजी 'टाका' करावं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. 'घडलेल्या गोष्टीचं वाईट वाटलं. शब्द बदलायला हवा हे मान्य. पण भाजीत मीठ टाका म्हटलं की आपण मीठ फेकून देता का?'

मी ते तीनदा वाचलं. नोकरीसाठी अर्ज टाका. बँकेत पैसे टाका. अंगावर शाल टाका. टाका म्हणजे आत घाला, वर घाला, पाठवा आणि फेका. वर्षभर मी ज्या शब्दाची फुशारकी मारली तो काढापेक्षा तसूभरही बरा नव्हता. आमच्या इमारतीत चालला, कारण आमच्या इमारतीत तो काय आहे हे मी प्रत्येकीला तोंडी सांगितलं होतं.

"आता?" मी वॉर्डवालीला विचारलं.

"पुसा लिही. पाटी पुसतात तसं."

"आमच्याकडे जुन्या बायका पुसा म्हणजे विचारा म्हणतात."

"मग हटवा."

"हटवा म्हटलं की मला पालिकेची गाडी दिसते."

"तू आणि मी भांडून नाही ठरणार," ती म्हणाली. "वॉर्डात नवीन पोरींना काही सांगायचं असलं की मी आधी त्यांना विचारायची, याचं काय समजलीस ते सांग. तसं कर. बायकांना विचार."

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे एकेक शब्द मोठ्या अक्षरात लिहिला. वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक बाईसमोर धरायचा आणि विचारायचं, हे दाबलं तर काय होईल? 'काढा'ला निम्म्या बायका म्हणाल्या बाहेर येईल, एक म्हणाली घशाला बरं वाटेल. 'हटवा'ला एकीने विचारलं, बाजूला सरकेल ना? 'नष्ट करा' बघून एक बाई कॉम्प्युटरपासून उठलीच. मग वॉर्डवालीने सगळ्यांत साधं लिहून दिलं. 'कचऱ्यात टाका.' ते ज्यांना दाखवलं त्या प्रत्येकीने बोट सरळ कोपऱ्यातल्या बादलीकडे नेलं. मुलुंडहून पाहुणी आलेली एक बाई, जिने कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता, तिनेही.

हे सगळं, कोण काय म्हणालं ते, मी तसंच्या तसं लिहून पाठवलं. घशाचंसुद्धा.

मूळवाल्यांनी आठ दिवस घेतले. त्यांच्यातल्या एकाला शब्द लांब वाटला, छोट्या पडद्यावर मावणार नाही म्हणाला. ते सुनेच्या चारकोपच्या मैत्रिणीने बघितलं आणि मावतो असं करून दाखवलं. मग गुरुजींनी लिहिलं, 'घेतला. हा शब्द आणखी कुठे कुठे आहे, तेवढं शोधून देता का?' मी ऐटीत देते म्हटलं. मला वाटलं असेल तीन-चार ठिकाणी. तीन आठवडे माझ्या डोळ्यांसमोर काढा नाचत होता. कुठे तो डागासारखा काढायचा होता, कुठे चित्रासारखा. प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरवावं लागलं. त्या तीन आठवड्यांत कळलं की गुरुजी हे गुरुजी नव्हते, अमरावतीच्या एक बाई होत्या. मी त्यांना सहा पत्रांत 'सर' लिहिलं होतं आणि त्यांनी एकदाही दुरुस्त केलं नव्हतं. बाकी सगळं दुरुस्त केलं होतं.

त्याच सुमारास सून एकदा जेवताना म्हणाली, "आई, आम्ही केलेले असे तीसेक बदल आहेत. मूळवाल्यांना एकही सांगितलेला नाही. दर वेळी नवीन आलं की आम्ही तिघी बसून परत घालतो. काही सुटतात."

"सांगितले का नाहीत?"

"वेळ नव्हता." मग भात कालवता कालवता म्हणाली, "आणि लाज वाटायची. एवढी मोठी माणसं, आपलं काम बघून हसतील."

"मला पंख्यासकट पाठवलंस तेव्हा नाही वाटली लाज?"

"ते तुमचं नाव होतं ना, आई."

आता एक दोनशे पानी वही केली आहे. अक्षर माझं. आम्ही काय बदललं, का बदललं, मूळवाल्यांना सांगितलं का, ते काय म्हणाले. त्यांनी घेतलं की आमच्याकडचं ओझं गेलं, त्यावर मी रेघ मारते. नाही घेतलं तर का नाही ते लिहिते. अक्षरं मोठी करण्याचं त्यांनी घेतलं नाही, म्हणाले ते सगळ्यांना नको असेल. बरोबर आहे, सगळेच आंधळे नसतात. ते आमचं आमच्याकडे राहिलं. पण आता ते का राहिलं ते वहीत आहे, आणि नवीन आलं की वही उघडून एकेक ओळ मी स्वतः तपासते. निळ्या फुलाकडे बघत नाही.

पुढची आवृत्ती आली त्या दिवशी मी चौथ्या मजल्यावर गेले. लिफ्ट बंद होती. वॉर्डवालीने दार उघडलं आणि मला दम खाऊ दिला.

"झालं?"

"झालं. मुळात झालं."

ती खाली आली, पण खुर्चीवर बसली नाही. "आधी तू," म्हणाली. मी वहीतली दोन पानं टाइप करून ठेवली होती, मला हवी असलेली. ती उघडली, यादी काढली, 'कचऱ्यात टाका' दाबलं. बंद केलं, चालू केलं. बादलीतून पानं परत आणली. तिने हे माझ्याकडून तीनदा करून घेतलं. मग बसली आणि ते एक बोट उचललं.

गेलेली पानं तशीच्या तशी येत नाहीत. ती म्हणते, पहिल्या वेळचं चांगलं होतं. मी म्हणते, असेल. परवा तिचं पहिलं पान झालं. थोरल्या मुलीला द्यायचं होतं. तिने हाक मारली, "कोकणीण, प्रिंट काढायचीय." मी पेपर खाली ठेवला, चष्मा लावला, उठून तिच्यामागे जाऊन उभी राहिले आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचली. नव्या आवृत्तीत 'छापा' असं वेगळं आलं होतं.

"दाब," मी म्हटलं.

प्रिंटरने वेळ घेतला, पण कागद आला. मी तिथेच वाचायला लागले. पहिलंच वाक्य होतं, 'हे मी दुसऱ्यांदा लिहीत आहे, कारण आमच्या वाचनालयात एक चौथी पास कोकणीण आहे आणि तिला सगळं कळतं.'

"हे काढ," मी म्हटलं.

"काढते की," ती म्हणाली, आणि तिने आणखी एक प्रत काढली.